खंडेनवमीची विश्रांती

“काका, परत एकदा बटण दाबा,” कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला हरीश म्हणाला.

सुधाकरांनी दाबलं. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची तीच ओळ उमटली आणि पुढे काहीच नाही. न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनमधलं त्यांचं औषधांचं दुकान उघडायची वेळ झाली होती. कॉम्प्युटरला लावलेलं हळदकुंकू अजून ताजं होतं.

“काल बंद केला होता का?” हरीशनं विचारलं.

“मीच केला,” सुधाकरांच्या पत्नी वसुंधराबाई म्हणाल्या. “खंडेनवमी होती ना. हत्यारांना एक दिवस विश्रांती द्यायची असते. इतकी वर्षं राबतोय बिचारा, म्हटलं…”

हरीशनं झाकण काढून आतली डिस्क निरखली. एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर बघतात, तशी.

कॉम्प्युटर बसवताना नितीशनं, त्यांच्या मुलानं, बजावलं होतं, “बाबा, नेव्हर स्विच इट ऑफ, ओके?” गेल्या उन्हाळ्यात तो पिहाच्या समुद्रात पोहायला गेला, तो परतलाच नाही. मागे राहिला त्याचा आवाज, गंमत म्हणून फक्त याच डिस्कवर भरलेला, माओरी नमस्कारानं सुरू होणारा: “किया ओरा बाबा, जेवलात का?” दुकान बंद करताना सुधाकर तो रोज ऐकत आणि “जेवतो रे” असं उत्तरही देत. त्याशिवाय त्यांना घास जात नसे.

“जुनी डिस्क गार पडली की आतल्या आत चिकटते,” हरीश म्हणाला. “ठोकून फिरेलही कदाचित. पण किती वेळ, सांगता येत नाही. आधी काय काढू?”

“नितीशचा आवाज,” वसुंधराबाई घाईनं म्हणाल्या.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. म्हाताऱ्या मिसेस डॉसननी डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. “यू नो व्हॉट आय कान्ट टेक, लव.”

त्यांना काय सोसत नाही, ते सुधाकरांना आठवेना. ते कॉम्प्युटरला ठाऊक होतं.

“गिऱ्हाइकांची माहिती आधी काढ,” ते म्हणाले.

“अहो!”

“अगं, चुकीच्या गोळीनं कुणाचं तरी माणूस जाईल.”

हरीशनं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डिस्कवर ठोकलं. डिस्क गुरगुरली, पडदा उजळला. एकामागून एक फ्लॉप्या भरत गेल्या. शेवटची भरली आणि हरीश नितीशच्या आवाजाकडे वळला, तोच आतून कट्‌कट्‌ ऐकू आली. मग तीही थांबली. त्यानं पुन्हा ठोकलं, कितीतरी वेळा ठोकलं. वसुंधराबाई स्टुलावर बसून हुंदके देऊ लागल्या.

हरीशनं सोबत आणलेल्या कॉम्प्युटरवर सुधाकरांनी मिसेस डॉसनचं नाव शोधलं. पेनिसिलिन. चिठ्ठीतलं औषध त्याच जातीचं होतं. त्यांनी डॉक्टरांना फोन करून ते बदलून घेतलं. बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

संध्याकाळी दुकान बंद करताना ते सवयीनं जुन्या कॉम्प्युटरपुढे उभे राहिले.

“जेवतो रे,” ते काळ्या पडद्याला म्हणाले.

मग त्यांनी दिवे मालवले. कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवला.