एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

कागदी पेल्यांतल्या तिन्ही कॉफ्या निवून गेल्या होत्या आणि कुणीही घोट घेतला नव्हता. बैठकीच्या खोलीत हीटर तेवढा घुमत होता. समोर बसलेल्या बान सुक-योंग बाईंनी अंगातला जाड कोट काढला नव्हता. आमची ऊब घ्यायची नाही, असे त्या ठरवून आल्या असाव्यात. माझ्या शेजारी आमचे टीमप्रमुख मा दोंग-ह्योक पेनाचे टोपण काढत होते आणि लावत होते.

बाईंचे वडील जानेवारीत गेले. डोंगरावरच्या गुरुमगोल वाडीत, खोली तापवणारी कोळशाची भट्टी विझल्यावर गारठलेल्या जमिनीवर. नऊ दिवसांनी टपालवाल्याने दार ढकलले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर हिवाळ्यात जिल्हा कार्यालय कोळशाचे ठोकळे पोचवते, आणि गाडी कुठे गेली, कुठे जायची राहिली, हे आमच्या कंपनीचा प्रोग्राम सांगतो. त्यातली वाड्यांची यादी काढणारी कोडची ओळ माझी होती.

“मला भांडायचं नाहीये हो,” बाई अखेर म्हणाल्या. “डिसेंबरात इंचनहून मी जिल्हा कार्यालयात फोन केला होता. फोनवरची मुलगी म्हणाली, काळजी करू नका ताई, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस वाड्यांना कोळसा पोचलाय. मग अप्पांनाच का नाही? त्यांनी अर्जच केला नसणार. हो ना? भारी हेकट माणूस. मी दिलेलं विजेचं पांघरूण त्यांनी कुत्र्याला अंथरलं होतं.”

“जुनी माणसं ती,” मा म्हणाले. “आमचे वडील दात पडले तरी डॉक्टरकडे गेले नाहीत. म्हणायचे, भाताला दात कशाला लागतात?”

बाई किंचित हसल्या. त्या हसण्यात त्यांना क्षणभर निवारा मिळालेला मला दिसला, आणि मी समोरचा निवलेला पेला उगाच जवळ ओढला.

कारण उत्तर मला चार दिवसांपूर्वीच सापडले होते. आमच्या डेटाच्या साठवणीत प्रत्येक अर्ज म्हणजे एक स्वतंत्र दस्तऐवज; त्याचे रकाने त्याच्यापुरते. दुसऱ्यात आहे तो रकाना एखाद्यात नसला, तरी साठवण कुरकुर करत नाही. मी तिला एवढेच विचारले होते की, ‘रस्त्याचे नाव’ या रकान्यात जी जी निरनिराळी नावे असतील, ती एकेकदाच दे. तिने एक्केचाळीस दिली. डोंगरात रस्ता म्हणजेच वाडी, असे मी धरून चालले होते. पण गुरुमगोलच्या सातही घरांचे अर्ज वाडीच्या म्हाताऱ्या प्रमुखाने एकहाती लिहिले होते, जुन्या सवयीने, जमिनीच्या गट क्रमांकावर. सरकारने रस्त्यांना दिलेली नावे त्याने कधी मानलीच नव्हती. तो रकाना रिकामा असता, तर यादीत निदान एक कोरी ओळ उमटली असती आणि कुणाची तरी नजर तिला अडखळली असती. इथे रकानाच नव्हता. जे नाही, त्याची पोकळीसुद्धा नव्हती.

आणि किती वाड्या राहिल्या, हे मोजायला मी तीच यादी वापरली होती. एक्केचाळीस तिच्यातूनच आले आणि तिच्याशीच ताडले गेले. आरशाने आरशाला विचारावे, सगळे ठीक ना, तसे. संगणकाचा पडदा हिरवा झाला: सगळीकडे पोचले. सहा घरे थंडीआधीच मुलांकडे शहरात उतरली होती. वर एकटे बान आजोबा उरले. दुरुस्तीला मला अकरा मिनिटे लागली.

“सोल-हा, जरा बाहेर ये,” मा म्हणाले.

जिन्यापाशी त्यांनी आवाज खाली आणला. “काय सांगणारेस तिला? ताई, रकाना नव्हता?”

“त्यांनी अर्ज केला होता, सर.”

“मला शिकवू नकोस. अहवालात मी ‘अर्जदाराचा पत्ता अपूर्ण’ असं लिहिलंय. त्यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही.”

“मग झालं! तुझं काळीज म्हणजे ताजा तोफू. बोट लावलं की खळगा. तुझी नोकरी राहू दे बाजूला, तिचा विचार कर. बाप हट्टी होता म्हणून ती रडेल, चिडेल, एक दिवस थांबेल. त्या रडण्याला तळ आहे. तू सांगशील त्याला आहे का?”

ते चुकीचे बोलत आहेत, असे अजूनही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्या बाई एका मेलेल्या माणसावर त्याने न केलेला हट्ट लादून घरी जाणार होत्या, आणि तो हट्ट माझ्या ओळीने रचलेला होता. मी आत गेले. मा दारातच थांबले.

“बाई, तुमच्या वडिलांनी अर्ज केला होता,” मी म्हणाले. “आमच्या यादीत त्यांची वाडीच आली नाही. ती यादी मी काढली. चूक माझी आहे.”

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“कधी केला?”

“सोळा ऑक्टोबरला.”

“काय लिहिलं होतं?”

ते मला पाठ झाले होते. “दोनशे ठोकळे पुरतील. चढ निसरडा आहे, कोळसा आणणाऱ्या पोरांना सावकाश यायला सांगा.”

बाईंचे ओठ हलले. त्या मनातल्या मनात ऑक्टोबरपासूनचे महिने मोजत असाव्यात. नोव्हेंबर, डिसेंबर, आणि चढाकडे कान लावून बसलेला एक माणूस.

“म्हणजे ते वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “आणि मी फोनवर त्यांना म्हटलं, सगळ्यांना मिळालं, तुम्हालाच कसं नाही मिळालं? मागितलं नसेल तुम्ही. ते नुसतं हं म्हणाले.”

दारातून मा यांनी मान फिरवली. माझ्यापाशी देण्यासारखे एकच काही उरले होते, आणि तेही माझे नव्हते.

“तो अर्ज तुम्हाला छापून देऊ का?”

बाईंनी पिशवी उचलली. कोटाचे वरचे बटण लावले. मा बाजूला सरले, तेवढ्या फटीतून त्या बाहेर पडल्या आणि लिफ्टकडे न वळता जिन्याने खाली उतरत गेल्या.