मशीनने विचारलं, नक्की?

तू फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, चहा गार झाला तरी चालेल.

एक ताई होती. हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांच्या गोदामात कामाला, आणि हेलिकॉप्टर म्हणजे लष्कराची, साधीसुधी नाहीत. तिथे प्रत्येक भागावर एक चपटा टॅग चिकटवलेला असतो, आरएफआयडी म्हणतात तो, आत नखाएवढी चिप. ताईच्या हातात पिस्तुलासारखं दिसणारं रीडर. घोडा दाबला की अख्खं रॅक शाळेतल्या पोरांसारखी हजेरी देणार, टुं टुं टुं. मी अमुक पिन, अमुक महिन्यात जन्मले, तब्येत ठणठणीत. दिवसभर हेच चालायचं म्हणून सगळे तिला टुंटुंताई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिलाही आवडायचं.

आता खराब निघालेल्या भागाचं काय करायचं? आधी त्याचा टॅग मारायचा. रीडरमधून एक हुकूम सुटतो आणि चिप कायमची मरते, पुन्हा कधीच बोलत नाही. त्यांच्याकडे शब्दच तो. "आज किती मारले?" "सकाळपासून डझनभर मारलेत, हात दुखायला लागला." एक नवा गार्ड हे ऐकून पहिल्याच दिवशी पांढराफटक पडला होता.

टॅग मारला की तो भाग मागच्या शेडमध्ये जायचा, कातर मशीनवर. तिच्या जबड्यात लोखंड ठेवायचं आणि पायाने पेडल दाबायचं. मनगटाएवढी पिन काकडीसारखी कापते रे ती. आणि आवाज असा, की नवखा माणूस प्रत्येक वेळी खांदे वर घेतो. त्या मशीनवर होता ताईचा धाकटा भाऊ, बाळ्या. आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. ताईनेच वाढवला, ताईनेच नोकरीला चिकटवला, आणि गोदामातही ताईच त्याला सगळ्यांदेखत विचारायची, "डबा संपवलास का?" मिशी फुटलेल्या पोराला. त्याला कसं वाटत असेल सांग.

कापलेलं लोखंड न्यायला यायचा मामा. कुणाचाच मामा नाही तो. सगळ्यांना मामा बनवायचा, म्हणून मामा. पण बाळ्याला "शेर" म्हणायचा, खांद्यावर हात टाकून बोलायचा.

तर त्या दिवशी सकाळी पलीकडच्या मैदानात जवान पाठीवर सामान घेऊन उभे होते. दुपारी उडायचं होतं त्यांना. एक जण ताईला म्हणाला, "ताई, एक टॅग मलाही चिकटव. बायको म्हणते, घरात असलो तरी सापडत नाही मी." ताई म्हणाली, "चिकटवते, पण खराब निघालास तर मारावा लागेल हां." हसत हसत गोदामात शिरली आणि घोडा दाबला.

रॅक कमी बोललं.

मुख्य पंख्याच्या पिना, त्या. पंख्याचं पातं ज्या पिनेवर लटकतं ना, ती. डोळ्यांना दिसत होत्या सगळ्या, पण दोघी मुक्या. ताई जवळ गेली, रीडर पार अंगाला टेकवलं, तेव्हा कुठे बारीकसं टुं आलं. वाचा बसल्यासारखं.

आणि ताईने लबाडी ओळखली. कारण ही गोष्ट फक्त या धंद्यातल्या माणसालाच कळते. टॅग लोखंडाला थेट चिकटवला तर बोलत नाही, लोखंड त्याचा आवाज गिळतं. मध्ये एक पातळ गादी लागते. ताई स्वतः प्रत्येक पिन स्पिरिटने पुसायची, गादी बसवायची, वर टॅग दाबायची. या दोघींवर गादीच नव्हती. म्हणजे कुणीतरी टॅग वरच्या वर सोलून काढला होता आणि दुसऱ्याच पिनेवर चिकटवला होता. तिने पिन उजेडात धरली. पॉलिश चकचकीत, पण मानेपाशी केसासारखी एक रेघ. तडा. ही पिन तिनेच मारली होती. मेलेली पिन जिवंत पिनेचं नाव लावून रॅकवर बसली होती. आणि खरी नवी पिन टॅगशिवाय, म्हणजे मुकीच, भंगारात मिसळून गेटमधून निघून गेली. गेटवरचं मशीन टॅगलाच ओळखतं ना. टॅग नाही, तर भुंकणार कुणावर?

मेलेल्या पिना जातात एकाच माणसाकडे, बाळ्याकडे.

त्या दोघींबरोबरची तिसरी पिन रॅकवर नव्हतीच. ती आदल्या दिवशी हँगरमध्ये गेली होती, आणि आज उडणाऱ्या हेलिकॉप्टरला बसली होती.

रीडरवर एक बटण असतं, "थांबवा". ते दाबलं की त्या टॅगचा नंबर हँगरच्या पडद्यावर लाल होतो आणि भोंगा वाजतो. मग ते हेलिकॉप्टर हलत नाही, कुणाचा बापही हलवू शकत नाही. ताईचा अंगठा त्या बटणाकडे गेला. आणि थबकला. बटण दाबलं की पाच मिनिटांत गार्ड बाळ्याच्या मानगुटीवर. ती तिसरी पिन चांगलीही असू शकते ना? एकदा त्याच्या तोंडून ऐकू दे, मग दाबते. असं म्हणून ती शेडकडे पळाली. फोन सगळ्यांचे गेटवरच जमा असतात, तेव्हा पळणंच आलं.

शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. मामाची गाडी पाठ लावून उभी. बाळ्या मशीनशी.

"ही कोण?" ताईने पिन पुढे केली.

"पिन आहे. आमची ओळख नाही."

"गादी कुठंय हिची?"

"कसली गादी?" म्हणाला, पण चेहरा उतरला.

"टॅग गादीसकट उचलायचा असतो, गाढवा. चोरीसुद्धा धड जमत नाही तुला." तिने त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याची टोपी मशीनखाली गेली. "आज बसवलेली ती यातलीच आहे का? एवढंच सांग."

बाळ्या टोपी काढायला वाकला.

"बोल रे. माणसं बसणार आहेत त्यात."

"यातलीच," तो म्हणाला. आणि लगेच, "मामा म्हणाला, एवढ्याशा तड्याने काही होत नसतं. मामा निदान मला माणूस तरी समजतो. तुझ्यासाठी मी अजून शेंबडाच."

ताईने रीडर उचललं. तेवढ्यात तिची वेणी मागून ओढली गेली. मामाचा ड्रायव्हर. रेड्यासारखा. त्याने तिला वेणीने फिरवली आणि तोंड गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, परत एकदा. ओठ फाटला, दात हलला, रक्त गळ्यात उतरलं. पण रीडर सोडलं नाही तिने.

"भाचीबाई," मामा गाडीमागून आला. हातात लोखंडी कांब. "मशीन खाली ठेव. घरचं भांडण घरात."

ताईच्या एप्रनच्या खिशात स्पिरिटची बाटली होती, टॅगआधी पुसायची. दातांनी बूच काढलं आणि मागे ड्रायव्हरच्या डोळ्यांत रिकामी केली. तो असा ओरडला की जनरेटरच्या वर ऐकू आला. डोळे चोळत जाऊन धडकला गाडीला आणि खाली लोळायला लागला. मामाने कांब उगारली. ताईने हात वर केला, कांब कोपरावर बसली, हाडाचा आवाज झाला. डावा हात लोंबायला लागला.

आणि तेव्हा बाळ्या मध्ये पडला. खरंच पडला. "हिला हात लावायचं ठरलं नव्हतं," म्हणत त्याने मामाचं नरडं धरलं. पण मामा जुनं खोड. कांब उलटी करून बाळ्याच्या पोटात खुपसली, तो वाकला, तशी मानेवर हाणली. मग त्याचा उजवा हात पकडला आणि मशीनच्या जबड्यात घातला. कोपराने वरून दाबून धरला आणि पाय ठेवला पेडलवर.

सगळं एकदम थांबलं. जनरेटर सोडून.

"आता दाब," मामा म्हणाला. "तू तुझं बटण दाब, मी माझं पेडल दाबतो."

ताईच्या उजव्या हातात रीडर. नंबर पडद्यावर आलेला. बाहेर मैदानातून हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागल्याचा आवाज यायला लागला. आधी संथ, मग भरभर.

"ताई, नको," बाळ्या रडत होता. "ताई, माझा हात आहे गं. दाबू नकोस. मामा म्हणतोय ना, काही होत नाही. ताई."

तिने "थांबवा" दाबलं.

आता ऐक. ते हातातलं मशीन एका दाबात मानत नाही. चुकून दाबलं गेलं तर घोळ नको, म्हणून ते परत विचारतं. पडद्यावर आलं, "नक्की?" खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मामाला हे माहीत नव्हतं, तो भोंग्याची वाट बघत होता. म्हणजे अजूनही वेळ होता तिच्याकडे, "नाही" म्हणायचा. तिने बाळ्याकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत होता. तिचा अंगठा रक्ताने बुळबुळीत झाला होता, तो तिने एप्रनला पुसला. आणि "हो" दाबलं.

हँगरचा भोंगा वाजला.

मामाने पेडल दाबलं.

त्या मशीनला काय फरक पडतो? जसा रोज आवाज व्हायचा, तसाच झाला. बाळ्याची चार बोटं पलीकडच्या पत्र्यावर पडली. अंगठा तेवढा राहिला. तो ओरडलासुद्धा नाही, नुसतं तोंड उघडलं. ताईने तीच तडकलेली पिन उचलली आणि मामाच्या गुडघ्यावर घातली. तो पडला, तशी दुसऱ्या गुडघ्यावर. मग परत. गार्ड आले तेव्हाही तिचा हात चालूच होता, दोघांनी मिळून तिला ओढून काढली. मग एप्रन फाडून तिने बाळ्याचं मनगट आवळलं, एका हाताने आणि दातांनी.

हेलिकॉप्टर उडालं नाही. सगळे उतरले, कुरकुरत.

मामा आणि ड्रायव्हर आत आहेत. बाळ्या हॉस्पिटलमध्ये, दाराशी पोलीस. पिन तपासणारा मिस्त्री ताईला भेटायला बाळ्याच्या खाटेपाशी गेला तेव्हा तिने विचारलं, "आजच तुटली असती ना?" तो बिचारा खोटं बोलेना. म्हणाला, "आज तुटली असती, नाहीतर महिनाभर टिकलीही असती. तड्याचं कुणी सांगावं?"

हे बाळ्याने ऐकलं. मिस्त्री गेल्यावर तो पहिल्यांदा बोलला, छताकडे बघत. "मी तुझ्यासाठी मध्ये पडलो. आणि तू माझा हात 'कदाचित'साठी दिलास."

ताई खाटेजवळ सरकली. प्लास्टरमधल्या हाताने ताटली धरली, दुसऱ्या हाताने घास केला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने मान फिरवली. रोज नेते. रोज फिरवतो. घास हातात घेऊन बसून राहते ती, नर्स ताटली उचलून नेईपर्यंत.

झालं, आता बोल. तुझ्या हातात ते रीडर असतं, बाहेर पंखा फिरतोय, समोर तुझा भाऊ "नको" म्हणतोय, आणि मशीन विचारतंय नक्की? तू काय केलं असतंस?