सगळी माहिती

"सरक," आई म्हणाली.

"अगं, तुला त्यातलं कळणार नाही. मी भरतो," मुलगा म्हणाला.

दवाखान्यात ही नवीन सोय झाली होती. कॉम्प्युटर पेशंटला प्रश्न विचारायचा आणि उत्तरं, रिपोर्ट बघून ज्याची त्याची माहिती छापून द्यायचा. नर्स दोघांना त्याच्यापुढे बसवून गेली होती. पहिलाच प्रश्न होता: आजाराबद्दल तुम्हांला किती माहिती हवी? थोडी, बरीचशी, की सगळी?

मुलाचं बोट 'थोडी'कडे गेलं. आईने त्याचं मनगट धरलं.

सारी नोकरी तिने बसस्थानकावर माईकसमोर काढली होती. गाडी रद्द झाली की साहेब म्हणायचे, "उशीर आहे एवढंच सांगा, बाई. लोक भडकतात." ती रद्द म्हणजे रद्दच सांगायची. त्यापायी मेमोही खाल्ले. पण ताटकळलेली माणसं निदान दुसरी वाट धरायची.

आणि आता घरात सगळे तिला सांगत होते, पोटाला सूज आहे, उतरेल. सून मात्र नळ सोडून रडायची.

"सूजच आहे ना रे?"

"हो."

"मग सगळी माहिती मागितली तर बिघडलं कुठं?"

"तू हाय खाशील, आई."

"खाईन नाहीतर पचवीन. पोट माझं आहे."

तिने 'सगळी' दाबलं. पुढचे प्रश्नही तिनेच सोडवले. छापलेलं पान ती ओळ न ओळ वाचत गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. ऑपरेशन शक्य नाही. औषधाने थोडा अवधी मिळेल, त्रासही होईल.

"वर्षाचीही खात्री देत नाहीत," ती म्हणाली.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटलं, तेवढे दिवस तरी तू सुखात राहशील."

"सुख कुठलं? मी खोलीत आले की तुम्ही गप्प. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं."

डॉक्टरांनी आत बोलावलं. एरवी मुलगा आत जायचा आणि ती बाहेर बाकावर बसायची. तो सवयीने उठला.

"तू मागून ये."

ती आत जाऊन डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसली. "औषध घ्यायचं की नाही ते मी ठरवणार," ती म्हणाली. "आधी मला नीट समजावून सांगा."

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं. तो दाराशी मान खाली घालून उभा होता. मग त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.