मल्हारी फिटरची पेटी

दुकानदाराने तिसरा रंधा काउंटरवर ठेवला आणि मल्हारीचं डोकंच चालेनासं झालं. एक रंधा लाकडी, एक लोखंडी, आणि एक लोखंडीच पण विटेच्या तुकड्याएवढा. जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेलेला माणूस. लोखंडाचा तुकडा हातात आला की कुठे किती उतरवायचं हे त्याच्या बोटांनाच कळायचं. आणि आज जुन्या नाशकातल्या या अंधाऱ्या दुकानात, लाकडावर फिरवायचं एक साधं हत्यार निवडताना त्याला घाम फुटला होता.

लाकडी रंध्याचं पातं कमीजास्त कसं करायचं, असं त्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, पात्याच्या डोक्यावर ठोकलं की पुढे येतं, रंध्याच्या बुडावर ठोकलं की मागे जातं. किती ठोकायचं? तर अंदाजाने. आता अंदाज हा शब्द मल्हारीला शिवीसारखा लागायचा. लोखंडी रंध्याला निदान फिरवायला चाक होतं, म्हणजे ते काहीतरी यंत्र तरी होतं. त्याने लोखंडी उचलला. करवतीचं पुन्हा तेच. ढकलताना कापणारी हवी की ओढताना कापणारी, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा मल्हारीने नुसतीच मान हलवली. दुकानदाराने जी दिली ती घेऊन तो मुकाट्याने घरी आला.

सातपूरच्या ज्या कंपनीत त्याची हयात गेली, तिने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना घरी बसवलं होतं. त्याला नाव दिलं होतं स्वेच्छानिवृत्ती, आणि त्यातली इच्छा कोणाची होती हे गेटवरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. तेव्हापासून मल्हारीचे हात रिकामे होते. बायको, सुलाबाई, भाजी निवडायला बसली की तो शेजारी बसून मेथीच्या काड्या एका मापाच्या मोडायचा, आणि मग तिचा जीव जायचा.

मे महिन्यात पोरीचं, मनालीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा इगतपुरीचा, धम्मपाल नाव, शाळेत शिक्षक. मनाली नर्सिंग शिकलेली, तिलाही तिकडच्याच दवाखान्यात जागा मिळाली होती. लोखंडी कपाट काय, सगळेच देतात. मल्हारीच्या डोक्यात आलं की पोरीला आपल्या हातची पेटी द्यायची. कंपनीला हे हात नको झाले तर झाले, पण पोर ज्या घरात जाईल त्या घराला कळलं पाहिजे की ती कोणाची आहे. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही. सुलाबाईला तेवढं कळलं, कारण तिला त्याच्याविषयी कळायचं काही शिल्लक नव्हतं.

सिडकोतल्या घरामागे मोरीला लागून पत्र्याची शेड होती, तिथे त्याने बाक ठोकला. कारखाना बंद पडला म्हणून मी सुटले म्हटलं तर तो घरातच आला, असं सुलाबाई शेजारच्या लताबाईला सांगायची. तक्रार करतानाही तिचा चेहरा मात्र हसरा असायचा. खरं म्हणजे नवरा पुन्हा सकाळी अंघोळ करून कामाला लागतो आहे, यानेच ती निम्मी बरी झाली होती.

पण लाकूड काही मल्हारीला जुमानेना. त्याने सवयीने कानस घेतली, तर तिच्या दातांत भुसा गच्च बसला. रंधा एका बाजूने मारला की रेशमासारखी साल निघायची, आणि तोच रंधा उलट बाजूने मारला की लाकूड बोचकारल्यासारखं उपटून यायचं. लोखंडाला कधी सुलट-उलट बाजू असते? मल्हारी फळी फिरवून फिरवून बघायचा. आंब्याचं लाकूड होतं, उन्हाळ्यात तापून खडखडीत वाळलेलं, दिसायला देखणं. देखणं ते खोडकर असायचंच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

गल्लीतला कोंडाजी मिस्त्री येताजाता डोकावायचा आणि सल्ले देऊन जायचा. लाकूड अमावास्येला तोडलेलं घ्यावं, त्याला कीड लागत नाही. पटाशीला धार लावताना बोलू नये. नवी करवत बाईच्या हातात देऊ नये. आणि पेटीचं झाकण फार घट्ट करू नये, पावसात लाकूड फुगतं. मल्हारीच्या घरात अमावास्या-पौर्णिमेचं खूळ बापाच्या वेळेपासून गाडून टाकलेलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तो असल्या गोष्टी कशाला ऐकेल? त्याने नवी करवत मुद्दाम सुलाबाईच्या हातात दिली आणि तिच्याकडून पहिली फळी कापून घेतली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं अमावास्येबरोबर पावसाचंही झालं. कोंडाजीचं सगळंच बोलणं त्याने एका टोपलीत टाकलं.

झाकणावर त्याने जीव ओतला. ते पेटीच्या तोंडात आत उतरणारं होतं, वरती धरायला पितळी कडी. कारखान्यात दोन पृष्ठं एकमेकांना नेमकी कुठे घासतात हे बघायला निळा रंग लावतात, उंचवटा असेल तिथे निळं उमटतं आणि मग तेवढंच घासायचं. मल्हारीने तेच लाकडाला केलं. लोखंडावरचं निळं पुसता येतं, लाकडाने ते पिऊन टाकलं. पेटीच्या तोंडाला चारी बाजूंनी निळी किनार बसली ती बसलीच. तो हताश होऊन बसला होता, पण लग्नात पाहुण्यांनी ती किनार पाहिली आणि त्यांना वाटलं की मुलीच्या बापाने हौसेने निळा रंग दिला आहे. दोघातिघांनी तर पेटीला हात लावून जय भीम केला. मल्हारीने कोणाचाच गैरसमज दूर केला नाही.

लग्नात वरातीपेक्षा जास्त गर्दी त्या पेटीभोवती होती. झाकण नुसतं तोंडावर ठेवायचं, की ते आतल्या हवेवर तरंगत हळूहळू आपल्या वजनाने खाली उतरायचं. कागद जाईल एवढीही फट नव्हती. धम्मपालच्या आई मैनाबाईंनीसुद्धा झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाल्या की इवाई, हात सोन्याचे आहेत हो तुमचे. त्या रात्री पोर सासरी गेल्याच्या दुःखातही मल्हारी समाधानाने झोपला.

जुलैत लताबाई इगतपुरीला बहिणीकडे जाऊन आली आणि तिने सुलाबाईच्या कानात सांगितलं, मनालीची पेटी पहारीने फोडली म्हणे. सुलाबाईने दिवसभर ते पोटात ठेवलं आणि संध्याकाळी चहाबरोबर नवऱ्याला सांगून टाकलं.

मल्हारीला काही समजेना. फोडली? का फोडली? पेटीला तर कुलूपही नव्हतं. मनाली फोनवर सगळं छान आहे म्हणते, मग पेटी फोडण्याएवढं त्या घरात झालं काय? जावई तापट निघाला का? पोरीला मारहाण तर नाही? सुलाबाई म्हणाली, अहो लताबाई सांगते की ती उघडतच नव्हती. मल्हारी म्हणाला, हे तर शक्यच नाही. मी केलेलं झाकण अडकेल कसं, ते काय रातोरात मोठं झालं? त्याला जेवण गेलं नाही. सकाळी त्याने पिशवीत रंधा टाकला, मोजमापाचा मोठा व्हर्निअर टाकला आणि इगतपुरीची बस धरली.

नाशकात नुसतं झाकोळलं होतं, पण घोटीच्या पुढे बस पावसात शिरली ती बाहेर आलीच नाही. इगतपुरीत भिंती घामेजल्या होत्या, वळणीवरचे कपडे आठवड्याचे ओले वाटत होते. धम्मपालने दारातच जय भीम घातला आणि ओली छत्री हातातून घेतली. मैनाबाईंनी चहा टाकला, काडी चार वेळा ओढल्यावर पेटली. सगळे नीट बोलत होते, आणि त्यामुळेच मल्हारी आणखी गोंधळला. भांडायचं तर कोणाशी?

मनाली ड्युटीवरून यायची होती. धम्मपाल त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. पेटी खिडकीखाली होती. पितळी कडी उपटून निघालेली, तोंडाचा एक कोपरा निळ्या किनारीसकट तुटलेला, झाकण एका कडेला चिरलेलं आणि वेगळं भिंतीला टेकवलेलं. पोटच्या पोराला कोणी बडवलेलं पाहावं तसं मल्हारीला झालं. त्याने जावयाकडे न बघता झाकण उचललं आणि तोंडावर ठेवलं. ते आत जाईना. दाबलं, तरी जाईना.

मग त्याने पिशवीतून व्हर्निअर काढला. झाकणाची लांबी मोजली, ती केसभरही हललेली नव्हती. रुंदी मोजली आणि तो थबकला. पुन्हा मोजली. तीन ठिकाणी मोजली आणि तीन वेगळी मापं आली, तिन्ही त्याने ठेवलेल्यापेक्षा मोठी. व्हर्निअर बिघडला असेल म्हणून त्याने तो बंद करून शून्य पाहिलं, तर शून्य जागच्या जागी होतं. पेटीचं तोंड जसंच्या तसं होतं. लोखंड तापलं की वाढतं हे त्याला माहीत होतं, पण ते सगळीकडून वाढतं. हे एकाच बाजूने वाढणारं काय आहे? उन्हात नाही, पावसात? तो जमिनीवर बसून राहिला. आपल्याला जे येतं ते सगळं येतं असं इतकी वर्षं वाटत होतं, आणि आता त्यातलं नक्की काय येतं हेच त्याला कळेना.

धम्मपाल भीतभीत सांगू लागला. पाऊस लागला आणि एका सकाळी झाकण निघेना. मनालीच्या ड्युटीच्या पांढऱ्या साड्या सगळ्या आतच. दोघांनी पाय रोवून ओढलं तर कडीच हातात आली. मनाली रंगीत साडीत दवाखान्यात गेली, तिथे सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नोकरी नवी, शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं की उद्या अशी आलीस तर येऊच नकोस.

मल्हारीला पुढचं ऐकवेना. त्याने एवढंच विचारलं, "पहार कोणी मारली?"

बाहेर चपलांचा आवाज झाला आणि मनाली आत आली. पांढरी साडी, पदराला चिखलाचे शिंतोडे. बापाला पाहून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग पेटीकडे नजर जाताच उतरला.

"मी मारली, पप्पा," ती म्हणाली.

मल्हारीने व्हर्निअर मिटून पिशवीत ठेवला.

"हे पहिल्याच दिवशी फोडायला निघाले होते. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, माझ्या बापाचं काम आहे, त्यावर दुसऱ्या कोणी पहार मारायची नाही. मारायचीच वेळ आली तर मी मारीन."

"मला फोन का नाही केलास? मी आलो असतो."

"काय सांगू? तुमचं झाकण अडकलं म्हणून?" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही घरी बसल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं होतं तुम्हाला."

मल्हारीला हुंदका आला आणि त्याने तो खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. राग करायला इथे कोणीच नव्हतं. पोरीने त्याच्या घट्ट झाकणापायी नोकरी पणाला लावली होती आणि वर त्याचाच मान सांभाळला होता. लाकूड का वाढलं हे त्याला अजूनही उमगलं नव्हतं. कोंडाजीचं कुठलं बोलणं खरं आणि कुठलं खुळचट, हे कसं ओळखायचं तेही कळत नव्हतं. पण झाकण पोरीला सकाळी एका हाताने उचलता आलं पाहिजे, एवढं मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्याने पिशवीतून रंधा काढला. मैनाबाई म्हणाल्या, इवाई, आधी जेवून घ्या. तो नको म्हणाला. धम्मपालने भिंतीशी खुर्ची आडवी टाकली, तिला टेकवून झाकण उभं धरलं, आणि मल्हारीने रंध्याचं चाक फिरवलं. फिरवता फिरवता तो थांबला. किती काढायचं? आज बसेल असं केलं तर उद्याच्या पावसाचं काय, श्रावणातल्या पावसाचं काय? सगळ्या कारखान्यात ज्याच्याकडे माप विचारायला लोक यायचे, त्याने कधी कोणाला माप विचारलं नव्हतं.

"मने," तो म्हणाला, "फट किती ठेवू? तूच सांग."

मनाली पदर खोचून त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्याने रंधा मारला, दमट लाकडाची जाड साल सुटून खाली पडली. तिने झाकण पेटीच्या तोंडावर धरून पाहिलं, कडेतून बोटाचं नख फिरवलं.

"अजून थोडं."

त्याने मारला. फिटरच्या नजरेला ती फट आताच ढळढळीत दिसू लागली होती, आणि त्याचा हात जड झाला.

"अजून?"

"अजून, पप्पा."

मल्हारीने कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि रंधा पुन्हा लाकडावर टेकवला.