लासूरहून आलेला मजकूर

लासूरच्या तात्यासाहेबांनी मांडणीवरचा अंक उचलला, शेवटच्या पानावरचा दुकानाचा शिक्का बोटानं चाचपला आणि विचारलं,

“ह्याच्या किती प्रती हायेत तुमच्याकडं?”

दुकानदार श्रीधरनं हातातली सुतळी खाली ठेवली. “या त्रैमासिकाच्या? वीस येतात.”

“समद्या काढा.”

वीस प्रती आजवर कोणी मागितल्या नव्हत्या. पाच-सहा विकल्या जात. बाकीच्या गुलमंडीवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात लोक उभ्यानंच वाचून काढत. कोर्टातले कारकून, कॉलेजातली दोन-तीन माणसं, सोयगावचा एक मास्तर. मास्तर तर एसटी चुकेल म्हणून अर्धी कथा वाचून जायचा आणि उरलेली पुढच्या फेरीला वाचायचा. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या वर्षी श्रीधरच्या वडिलांनी, मधुसूदनपंतांनी, दुकान काढलं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पंचवीस वर्षांत ‘अंक चाळू नयेत’ अशी पाटी काही तिथं लागली नाही.

श्रीधर प्रती गोळा करत होता तोवर तात्यासाहेबांनी एकतिसावं पान काढलं. ते ओठ हलवत, सावकाश वाचत होते. कथेचं नाव होतं ‘दस्त’ आणि लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं ‘शिवना’ एवढंच छापलेलं. त्यांच्या गावावरून वाहणाऱ्या नदीचं नाव.

कथा श्रीधरला पाठ होती. विधवा बहिणीला भाऊ रजिस्ट्री कचेरीत घेऊन जातो. वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडल्याचा दस्त तिच्यापुढं सरकवतो आणि सांगतो, विहिरीच्या कर्जाचा कागद आहे, कर सही. बहिणीला वाचता येतं. ती दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि सही करते. मग दोघं बाहेर येऊन उसाचा रस पितात.

तात्यासाहेबांनी पान उलटलं. पुन्हा मागं आले. तोच मजकूर परत वाचला.

“एक प्रत राहू द्या,” श्रीधर म्हणाला. “वर्गणीदाराची आहे.”

“तीबी द्या.”

“साहेब, पुण्या-मुंबईकडं हा अंक गेलेलाच आहे.”

“तिकडं आमचे सोयरे नायत.”

विकायला मांडलेली वस्तू विकत नाही म्हणायला श्रीधरला कारण सापडेना. त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरनं गठ्ठा उचलला. निघताना तात्यासाहेबांनी लिहिणारी कोण, हे विचारलं नाही. त्याचीच श्रीधरला जास्त भीती वाटली.

‘शिवना’, म्हणजे द्वारकाबाई, सोमवारी यायची. डोळ्यांत औषध घालून घ्यायला लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं येई आणि दवाखाना झाला की दुकानात. पिशवीत भाजीखाली घडी केलेले कागद असत. श्रीधर पाकिटावर पत्ता घालून ते संपादकांना धाडी. संपादकांची पत्रंही दुकानाच्याच पत्त्यावर येत. भावाच्या, तात्यासाहेबांच्या, घरी तिच्या नावानं टपाल येणं शक्य नव्हतं. दोन वर्षांत तिच्या तीन कथा छापून आल्या होत्या. तिन्ही तिनं इथंच, मांडणीच्या आडोशाला उभं राहून वाचल्या आणि अंक जागेवर ठेवून दिले.

पुढच्या सोमवारी ती आली, ती जीपमधून. जीप समोर, पानाच्या ठेल्यापाशी थांबली. तात्यासाहेब उतरले नाहीत.

“ताई, अंक सगळे गेले,” श्रीधर घाईघाईनं म्हणाला. “मी नाही म्हणायला पाहिजे होतं. माझ्याच्यानं झालं नाही.”

“माहीत हाय. न्हाणीच्या चुलीत घातले.” तिनं मांडणीकडं पाहिलं. “मीच जाळ सारत होते.”

“तुम्हाला काही त्रास…”

“एरवी बोलत नायत माझ्याशी. कागद पुढं ठेवला आणि सांगितलं, लिही.”

तिनं पदराआडून एक कागद काढला. नेहमीसारखाच, चार घड्यांचा. श्रीधरनं तो उघडला.

‘मागच्या अंकातली दस्त ही कथा मी लिहिली. ती संपूर्ण कल्पित आहे. तिच्यातल्या भावाचा माझ्या वडीलबंधूंशी काडीचा संबंध नाही. झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागते. यापुढं लिहिणार नाही.’

अक्षर तिचंच होतं, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. श्रीधरनं कागद तिच्यापुढं परत धरला.

“हे मी पाठवणार नाही.”

“पाठवा, भाऊ. मला त्याच घरात जायचंय.”

समोर जीपचा हॉर्न वाजला. दुकानात उभ्या असलेल्या माणसानं पान उलटलं. शेवटी श्रीधरनं पाकीट काढलं आणि पत्ता लिहायला घेतला.

“एवढं सांगा संपादकांना,” द्वारकाबाई म्हणाली. “खालचं नाव गाळू नका म्हणावं. हाय तसं छापायचं.”

सहीपर्यंत श्रीधर पोचलाच नव्हता. त्यानं कागद पुन्हा उलगडला. तळाशी लिहिलं होतं: ‘द्वारकाबाई भ्रतार रामकिसन. वडीलबंधू तात्यासाहेब यांच्या घरी राहणार, लासूर स्टेशन.’ कथेतल्या भावाला नाव-गाव नव्हतं.

“हे… त्यांनी सांगितलं?”

“मी इचारलं, नाव-गाव घालू का समदं? नाव नसलं तर माफी कोणाची कळणार, म्हणले.” तिनं जीपकडं पाहिलं. “घाल म्हणले.”

हॉर्न पुन्हा वाजला. तिनं पदर सारखा केला आणि उन्हात रस्ता ओलांडून ती जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसली. तात्यासाहेबांनी दुकानाच्या दिशेनं हात जोडले. श्रीधरनंही जोडले. मग त्यानं पाकिटाला डिंक लावला आणि कडा बोटानं दाबून धरली, वाळेपर्यंत.