पायांवरचं न्हाणं

"सरक तिकडं! पोरीनं घान केलीय, तुझ्या काट्याला लागंल," मनुमावशी न्हाणीतून ओरडली. मी वजनाचा काटा छातीशी धरून उंबऱ्याबाहेरच थांबले.

आत ती पाटावर बसली होती. पाय समोर लांब केलेले, घोटे जुळवलेले, आणि त्या पायांच्या पन्हळीत सात दिवसांची तिची नात उताणी पडून छताकडे बघत होती. नाळ आदल्या दिवशीच पडली होती आणि मनुमावशीला एक दिवसही दम धरवला नव्हता. बाळाने पायांवर घाण केली की ती म्हणायची, "सोनं झालं." आताही तेच म्हणाली, आणि ते सोनं उघड्या हाताने धुऊन तिने बाळाला पालथं घातलं.

एरवी हे बघताना मला बरं वाटतं. त्या दिवशी माझं लक्ष तिच्या बोटांवर गेलं. उजव्या हाताची दोन बोटं सांध्यांशी सुजली होती. दोन वर्षांत मी ती तशी पाहिली नव्हती.

बोर्लीच्या वरच्या आळीत पस्तिशीच्या आतलं माणूस सापडणं कठीण, ज्याला मनुमावशीने पायांवर घेतलेलं नाही. मलाही घेतलंय. मी आता आशाताई आहे, घरोघर जाऊन बाळांची वजनं करते, आयांना चार गोष्टी सांगते. पण मनुमावशीला काही सांगायला गेलं की ती म्हणते, "तुला मी बेंबीपास्नं वळखते." त्यापुढे काय बोलणार? सरकारने दिलेली साडी नेसली म्हणून बेंबी काही लपत नाही.

सहा वर्षांपूर्वी तिला संधिवाताने गाठलं. बोटं आत वळली. चहाचा कप ती दोन मनगटांत धरायची. चार वर्षं तिने एकाही बाळाला हात लावला नाही, आणि कुणाचं बारसं असलं की आजारी पडायची. शेवटी तिच्या लेकीने, सुचिताने, तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो झाले, क्षयाची तपासणी झाली, रक्ताच्या बाटल्या भरल्या, आणि मग ते इंजेक्शन सुरू झालं. पेनासारखं दिसतं, फ्रीजमध्ये ठेवायचं, दर दुसऱ्या सोमवारी मांडीत घ्यायचं. तिसऱ्या महिन्यात ती माझ्या दारात ओली साडी घेऊन आली आणि माझ्यासमोर पिळून दाखवली. "बघ गं क्रांते, पिळली," म्हणाली, आणि आम्ही दोघी रडलो.

त्या औषधाची पथ्यं मीच तिला समजावली होती. हे औषध अंगातली प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून ताप, खोकला, साधं गळू झालं तरी आधी दवाखान्यात फोन करायचा. जिवंत लस घ्यायची नाही. न विचारता दुसरं कुठलंच औषध नाही, झाडपाल्याचंही नाही. तिने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. "वाडीचा राखनदार झोपवतात म्हन की. मंग चोरांवर आपनच डोळा ठेवायचा." मला वाटलं, बाईला कळलं. ती तशी हुशारच आहे, आणि घात तिथेच झाला.

बाळाला दुपट्यात गुंडाळून सुचिताजवळ दिल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दर दुसऱ्या सोमवारी लाल गोल करून दिले होते. इंजेक्शन घेतलं की तिने फुली मारायची. गेल्या दोन गोलांवर झोकात फुल्या होत्या. मी फ्रीज उघडला. दोन्ही पेनं खोक्यात जशीच्या तशी.

"मावशे, ह्या फुल्या कसल्या?"

"हळू बोल. सुचीला ठावं न्हाय."

"कशापायी बंद केलंस?"

ती चुलीपाशी बसली. चुलीवर पातेल्यात काहीतरी हिरवट उकळत होतं.

"मागल्या खेपेला मुंबईच्या अनुया डाक्टरनी इचारलं, लेक बाळंतपनाला येनार हाय काय? म्हटलं व्हय. तर म्हनाल्या, बाळाला पोलिओचं थेंब पाजतात, ते जितं असतात, बाळाच्या शीतनं बाहेर पडतात. दीड म्हैना तुमी त्याची शी काढायची न्हाय. आता तूच सांग, पायावर पोर घ्यायचं नि शीला हात लावायचा न्हाय, ह्ये कुन्या मुलखात जमतं? मंग म्हटलं, विंजेक्शनच नको. दीड म्हैना बंद. पोरीला न्हाऊ घालते, मंग घेते."

"आणि ह्या पातेल्यात काय?"

"गुळवेल. आतलं औषध धुवून काढाया. नि राखनदार जागा कराया."

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, मला तिचा राग आला नाही. जन्मभर जिने तेल लावलं आणि धुऊन काढलं, तिला वाटणारच की अंगातलं औषधही चार तांबे ओतले की निघून जाईल.

पडवीत जाऊन मी तिच्या कार्डावरचा नंबर लावला. अनुया डॉक्टर स्वतः फोनवर आल्या. शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला.

"ते असं धुऊन निघत नाही हो. शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन महिने शरीरात राहतं. म्हणजे जपायचं तेवढं जपावं लागणारच, वर हात सुजणार ते वेगळेच. आणि काढा आत्ताच्या आत्ता बंद. गुळवेल अशा आजारात उलटू शकते, लिव्हरला त्रास देते. त्यांची संधिवाताची आठवड्याची गोळी चालू आहे ना? मग तर नकोच नको. रक्त तपासून मला कळवा. ताप-खोकला नसेल, रिपोर्ट नीट असतील, तर इंजेक्शन सुरू करू. आणि बाळाची आंघोळ दुसऱ्या कुणाला तरी करू द्या."

मी आत येऊन शब्दन् शब्द सांगितलं. काढा तिने मुकाट्याने मोरीत ओतला. रक्त द्यायलाही कबूल झाली. शेवटच्या वाक्यावर मात्र अडली.

"दुसऱ्या कुनी म्हंजे कोन? शकू?"

शकूमावशी खालच्या आळीत न्हाऊ घालते. दोघींनी गाव वाटून घेतल्यासारखं, आणि पंचवीस वर्षं एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत. "शकूच्या हातची पोरं रडकी निपजतात," हे मनुमावशीचं ठरलेलं वाक्य. लग्नात, बारशात, शकूमावशीच्या सुनेसमोरसुद्धा तिने ते म्हटलेलं आहे.

"मग हे तरी घाल," म्हणून मी पिशवीतले हातमोजे काढले.

"मोजं घालून पोराला चोळू? मंग काथ्याच दे, भांडी घासायचा!"

एक मोजा तिने घातला, तेलाची वाटी उचलली, वाटी सटकली. मोजा काढून तिने माझ्या हातात दिला. "बघितलंस? वाटीच्या जागी पोर असती तर?"

मोजे मी पिशवीत टाकले. सुचिताला तेव्हाच सांगायला हवं होतं. पलीकडच्या खोलीत ती बाळाला पाजत होती, चार पावलांवर. पण मनुमावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी वजन लिहून घेतलं आणि चपला घातल्या. उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या काही आला नाही.

तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. कामावर लक्ष लागेना. एका घरी वजन करून आले आणि आकडाच विसरले, परत जावं लागलं. दिवसातून दोनदा काही कारण काढून मी मनुमावशीच्या दारावरून जायची. न्हाणीतून धूर दिसायचा, पाण्याचा आवाज यायचा, ओव्याच्या धुरीचा वास यायचा. रिपोर्ट ठीक आले. "आता घे इंजेक्शन," म्हटलं तर म्हणाली, "पोरगी सव्वा म्हैन्याची होऊ दे." मला बघितलं की ती हात पदराखाली घ्यायची. सुचिता म्हणायची, "क्रांती, आई हल्ली भाकरी थापत नाही गं, भातच लावते." मी म्हणायची, "दमत असेल."

बाळाच्या चौदाव्या दिवशी मी वजनाला गेले तेव्हा न्हाणं चालू होतं. सुचिता दाराला टेकून उभी होती, हातात दुपटं. तेल लावून झालं होतं. मनुमावशीने बाळाला पालथं करायला डावा हात मानेखाली घातला, आणि मला दिसलं की हाताची बोटं मिटत नाहीयेत. पाच बोटं सुजून ताठ, पाण्यात फुगलेल्या लाकडासारखी. तिने मनगटाने बाळ फिरवायला बघितलं. तेलकट अंग. बाळ पायांवरून घसरलं.

सुचिता किंचाळली. मनुमावशीने दोन्ही गुडघे मिटले आणि बाळ तिच्या पोटऱ्यांत अडकलं, डोकं फरशीपासून वीतभर वर. नाकात पाणी गेलं होतं. मी बाळाला उचललं, पाठीवर थोपटलं. एक क्षण काहीच आवाज नाही. मग बाळ खोकलं आणि सगळी आळी गोळा होईल असं रडलं.

मी बाळाचं डोकं, हातपाय, सगळं बघितलं. कुठे खरचटलंही नव्हतं. सुचिताने तिला छातीशी घट्ट धरलं आणि खोलीत नेलं. आईकडे तिने बघितलं नाही.

मनुमावशी तशीच बसून होती. पाय ओले, हात मांडीवर उताणे.

"इतक्या पोरांत," ती म्हणाली, "एक न्हाय सुटलं. एक न्हाय गं क्रांते. नि सुटलं ते माझं."

सुटलं त्यात माझाही हात होता. तिने तिची बोटं लपवली आणि मी माझं तोंड. मग मी आत जाऊन सुचिताला सगळं सांगितलं, फुल्यांपासून गुळवेलीपर्यंत. ती मला जे बोलली ते मी ऐकून घेतलं. ते माझ्या वाट्याचंच होतं.

बाहेर आले तेव्हा मनुमावशी पडवीत बसली होती.

"शकूला बोलव," ती म्हणाली.

"मी सुचिताला शिकवते ना. हळूहळू..."

"ओली बाळंतीन हाय ती. तिला कोन न्हाऊ घालनार, तू? शकूला बोलव. म्हनावं, मनूनं बोलावलंय."

खालच्या आळीत जाऊन मी निरोप दिला. शकूमावशी सुकट निवडत होती. तिने मला दोनदा विचारलं, "मनूनंच सांगितलं? तिच्या तोंडानं?" मग सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. नाकावर रागही होता आणि पदराला गाठ मारून बाळासाठी आणलेलं वेखंडही. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "माझ्या हातची पोरं रडकी असतात ना गं?"

"रडू दे," मनुमावशी म्हणाली. "पडायची तर न्हाईत."

मनुमावशीच्या हातांकडे शकूमावशीने एकदा बघितलं, मग पदर खोचून न्हाणीत गेली.

मी डॉक्टरांना फोन केला. ताप नाही, खोकला नाही, कुठे जखम नाही, सगळं विचारून झालं. घ्या म्हणाल्या. फ्रीजमधून पेन काढून अर्धा तास बाहेर ठेवलं. मनुमावशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि मांडीत घ्यायचं म्हणून तिने पाय लांब केले. घोटे आपोआप जुळले. मी मांडी पुसून दिली, टोपण काढून दिलं. तिला बटण दाबता येईना. मी हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. पेन मांडीवर टेकवून तिने मनगटालगतच्या तळव्याने दाबलं. खट् आवाज झाला.

दहा मोजेपर्यंत ते धरून ठेवायचं असतं. न्हाणीत पहिला तांब्या पडला आणि बाळ रडायला लागलं. मनुमावशी आकडे न म्हणता तांबे मोजत होती, ओठ हलत होते. चार. पाच. सातव्याला रडं थांबलं.

"गप झाली," ती म्हणाली. "मान बरोबर धरलीय तिनं."

मी पेन काढून घेतलं, कापूस ठेवला. "झालं मावशे. ऊठ."

"बसते जरा."

आतून शकूमावशीने विचारलं, "पुरे काय गं पानी, मनू?"

"अजून दोन तांबे घाल," मनुमावशी म्हणाली.

आत एक तांब्या पडला. मग दुसरा. तोवर तिने पाय हलवले नाहीत.