हलक्या हाताची पट्टी

"चक्कर आलीय हो, शुगर कमी झाली असेल," आम्ही अँब्युलन्समधून उतरताच पेशंटची बायको दारातच म्हणाली. नवऱ्याच्या तोंडात तिने साखर कोंबून ठेवली होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर! ती चिकट लाळ मी बोटाने खरवडून काढली. शी! ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास आला तर आला.

"ही शुगर नाही बाई, नशा आहे," मी म्हणाले. "काय घेतलंय?"

"आमच्याकडे कुणी तसलं नाही." आणि लगेच खिडकी लावून घेतली. नवरा मरतोय आणि हिला शेजाऱ्यांची पडलीय!

ड्रायव्हरकाका त्याच्या तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा दाबत राहिले. मी नाकात उताऱ्याचा फवारा मारला. साहेबांनी डोळे उघडले, माझ्या बुटावर भडाभडा ओकले आणि पुन्हा गार. म्हणजे विष अजून कुठून तरी आत जातच होतं. मी कात्रीने पँट फाडली. मांडीवर तीन पारदर्शक पट्ट्या! कॅन्सरच्या पेशंटला लावतात, दुखणं मारणारं अफूसारखं औषध कातडीतून हळूहळू मुरतं, त्या. ओरबाडून काढल्या, दुसरा फवारा मारला. आता श्वास नीट चालू झाला.

"माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?" शुद्धीवर येताच हे पहिलं वाक्य.

"तुझ्या?"

बायकोने मान खाली घातली. आतल्या खोलीतून कण्हणं येत होतं. इतका वेळ मला ते टीव्हीचं वाटलं होतं.

आत त्याची आई पडली होती. हाडांचा सापळा, उशीचा कोपरा दातात धरलेला. दंडावर पट्टी होती. मी कडा उचलून पाहिली. साधी चिकटपट्टी, जखमेवर लावतात ती. औषधाचा थेंब नाही. मेल्याने आईच्या अंगावरची खरी काढून ही लावली होती!

"राहू दे गं," म्हातारीने माझा हात धरला. "तोच बदलतो. हात हलका आहे पोराचा. डॉक्टरला सांग ना, औषध वाढवून द्या म्हणावं. हल्ली लागूच पडत नाही."

मी ती चिकटपट्टी काढून मुठीत चुरगळली.

"त्याला बरं वाटतंय ना आता?" तिने विचारलं.

"काका," मी ओरडले, "दुसरी गाडी मागवा. या आजींना त्याच्याबरोबर एका गाडीत न्यायचं नाही."